मत देता येत नाही, मग तोंड उघडायचं का?

या वेळचं पत्र टेक्ससहून आलंय. थोडं कापून देतेय.

"ताई नमस्कार, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, नऊ वर्षं झाली. नवरा एच-वनवर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर, ग्रीनकार्डची रांग तुम्हाला माहितीच आहे. मोठा सातवीत, धाकटी तिसरीत, तिला स्पीच थेरपी शाळेतच मिळते. परवा स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा ईमेल आला, बोर्डाने म्हणे विधिमंडळाच्या पुढच्या सेशनसाठी 'लेजिस्लेटिव्ह प्रायॉरिटीज' मंजूर केल्यात, पालकांनी आपापल्या आमदाराशी बोलावं, फेब्रुवारीत बस राजधानीला, ऑस्टिनला जाणार आहे तिच्यात यावं. दोन पानं आहेत, बेसिक अलॉटमेंट, एडीए, रिकॅप्चर, अनफंडेड मँडेट, मला निम्मं कळलं नाही. त्यात धाकटीची शाळा बंद होणार अशी कुजबुज आहे. मी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बाईंना सांगून टाकलं की येते, आणि घरी वादळ. नवरा म्हणतो आपण इथे पाहुणे, ह्यांच्या राजकारणात पडायचं नाही, व्हिसाला काही झालं तर काय. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात फुकट शाळा मिळतीये, अजून काय पाहिजे. ताई खरं सांगा, मला बोलायचा हक्क आहे का? आणि माझं इंग्लिश ऐकून कोण थांबणारे तिथे? – धाकटीची आई"

अगं धाकटीच्या आई,

आधी सासूबाईंचं घेते, कारण त्यांचं वाक्य सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं. फुकट नाहीये गं शाळा. स्वतःचं घर असेल तर काउंटीकडून प्रॉपर्टी टॅक्सचं जे बिल येतं ते काढ आणि चहाच्या कपाशेजारी ठेव त्यांच्या, सिटी, काउंटी, कॉलेज अशा ओळी असतात आणि त्यात सगळ्यात मोठा आकडा आयएसडीचा म्हणजे शाळांचा असतो. भाड्याने राहत असाल तर तोच टॅक्स घरमालक तुमच्याच भाड्यातून भरतोय. आणि त्या बिलावर एच-वन की सिटिझन असा रकाना नसतो.

आता ती दोन पानं. हे असलं कागदपत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं काहीतरी सरकारी भाषेतलं गुळमुळीत असणार, आणि भाषा तशी आहेच, पण प्रत्येक ओळीच्या मागे पैशाचं एक खरं भांडण आहे. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं, विषम वर्षात, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, आणि १४० दिवसांत आटपतं. आपलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन एक-दोन आठवड्यांत उरकतं म्हणून आपण नावं ठेवतो पण ते दरवर्षी होतं तरी. इथे १२ जानेवारी २०२७ ला सेशन सुरू होणार, त्यात जे हाती लागलं नाही ते (मधे गव्हर्नरनी स्पेशल सेशन बोलावलं नाही तर) थेट २०२९. म्हणून डिस्ट्रिक्टं आधीच आपली मागण्यांची यादी करून बोर्डात ठराव करून घेतात. हा कुठल्या पक्षाचा जाहीरनामा नाही. निवडून आलेल्या, बिनपगारी ट्रस्टींनी (म्हणजे बोर्डाच्या सभासदांनी) वरच्या सरकारकडे दिलेलं मागणीपत्र आहे, ग्रामसभेच्या ठरावासारखं.

पहिली ओळ बहुतेक बेसिक अलॉटमेंटचीच असणार. म्हणजे दर मुलामागची पायाभूत रक्कम. २०१९ मध्ये ती ६,१६० डॉलर केली, आणि मग सहा वर्षं तिथेच. या सहा वर्षांत अंडी, इन्शुरन्स, डिझेल, घरभाडं कुठून कुठे गेलं ते तुला सांगायला नको, महागाई ढोबळ पाव पटीने वाढली. २०२३ मध्ये तर राज्याच्या तिजोरीत ३२.७ अब्ज डॉलर जादा पडले होते तरी वाढ झाली नाही, कारण शाळांचे पैसे व्हाउचरच्या बिलाला बांधले होते. व्हाउचर म्हणजे प्रायव्हेट शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाऊसने, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाने, ८४ विरुद्ध ६३ मतांनी व्हाउचरचा भाग कापून काढला आणि मग अख्खं बिलच मेलं, शाळांच्या पैशासकट. शेवटी २०२५ मध्ये दोन्ही पास झालं, व्हाउचरही आणि शाळांसाठी साधारण साडेआठ अब्जांचं पॅकेजही, आणि त्यात बेसिक अलॉटमेंट वाढली किती, तर ५५ डॉलर. ६,१६० चे ६,२१५. एक टक्कासुद्धा नाही.

मग साडेआठ अब्ज गेले कुठे असं नवरा विचारेल, विचारू दे, चांगला प्रश्न आहे. आमची आई पगाराच्या दिवशी पाकिटं करायची, दूध, किराणा, फी, आजारपण, आणि एका पाकिटातलं दुसऱ्याला लावायचं म्हटलं की दोन दिवस घरात तणाव. ऑस्टिनने तेच केलं. शिक्षकांच्या पगाराचं पाकीट वेगळं, मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये तीन-चार वर्षं झालेल्या शिक्षकाला अडीच हजार आणि पाच वर्षांच्या पुढच्याला पाच हजार डॉलर, लहान गावांत याहून जास्त. लाइटबिल, इन्शुरन्स, बस असल्या खर्चाला दर मुलामागे १०६ डॉलरचं आणखी एक पाकीट. शिक्षकांना वाढ मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे, माझे वडील झेडपीचे मास्तर होते, शिक्षकाच्या पगारवाढीला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण डिस्ट्रिक्टचं म्हणणं असं की पाकिटं आम्ही करू, तुम्ही नुसता पगार हातात द्या, कारण काउन्सेलर, लायब्ररीयन, स्पीच थेरपिस्ट यांचा पगार कुठल्या पाकिटात बसतो ते सांगा. आणि ऑस्टिनचं म्हणणं की तुमच्या हातात दिलं तर तुम्ही कशावर उडवाल भरवसा नाही. त्या दोन पानांत 'लोकल कंट्रोल' असं जे तीन-चार वेळा आलं असेल ना, ते हे भांडण. अजून एक, बायलिंग्वल म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं वगैरेंसाठीची जादा रक्कम बऱ्याच अंशी याच पायाभूत रकमेला गुणून काढतात, म्हणजे पाया हलला की वरचंही हलतं. म्हणून सगळी डिस्ट्रिक्टं त्या एका आकड्याच्या मागे लागलेली असतात.

एडीए म्हणजे रोजच्या हजेरीची सरासरी. हे तुला पटकन कळेल कारण आपल्याकडे पट आणि हजेरी हे दोन शब्द लहानपणापासून वेगळे असतात. आपल्याकडे संचमान्यता पटावर होते, किती शिक्षक मिळणार ते पटावर, म्हणूनच पटावर भलती नावं चढायची आणि म्हणूनच २०११ ला ती गाजलेली पटपडताळणी झाली. टेक्सस पैसे देतं हजेरीवर. मूल तापाने घरी राहिलं की सरासरी खाली. आता ढोबळ हिशोब कर, शाळेत ७०० मुलं, हजेरी ९५ टक्के, म्हणजे रोज ३५ मुलं गैरहजर, आणि ३५ गुणिले ६,२१५ म्हणजे दोन लाख सतरा हजारांवर. तीन शिक्षकांचे पगार झाले गं हे. त्या ३५ मुलांसाठी वर्ग, बाक, शिक्षक सगळं तयार ठेवावंच लागतं, ती आली नाहीत म्हणून तिसरीच्या वर्गाचे दिवे कमी लागत नाहीत. मागणी अशी की हजेरीऐवजी पटावर पैसे द्या, बहुतेक राज्यं पट धरूनच देतात. (आणि हो, दर डिसेंबरात शाळा बुडवून तीन आठवडे पुण्याला जाणारे आपण, मीही त्यातलीच, या हिशोबात आपणही आहोत. असो.)

रिकॅप्चरवर जरा थांबते, कारण तुमच्या भागातले लोक या शब्दावर सगळ्यात जास्त चिडतात. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये घरं महाग तिथे टॅक्स जास्त जमतो, आणि ठरलेल्या हक्काच्या वर जे जमेल ते राज्य काढून घेतं. लोक याला रॉबिन हूड म्हणतात, १९९३ पासून आहे. चिडायच्या आधी हे आलं कुठून ते वाच. सॅन अँटोनिओमध्ये एजवूड नावाचं गरीब, बहुतेक मेक्सिकन वस्तीचं डिस्ट्रिक्ट, १९६८ मध्ये तिथली हायस्कूलची मुलं वर्गातून उठून बाहेर पडली कारण शाळेच्या इमारती मोडकळीला आलेल्या. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ नावाचा एक बाप, हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा, तो आणि आणखी काही पालक कोर्टात गेले. १९७३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार असे हरले, कोर्ट म्हणालं शिक्षण हा अमेरिकन घटनेतला मूलभूत हक्क नाही. मग लढाई राज्याच्या घटनेवर नेली आणि १९८९ मध्ये टेक्सस सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ही शाळांना पैसे द्यायची पद्धत घटनाबाह्य आहे. एकवीस वर्षं लागली, रॉड्रिगेझची स्वतःची मुलं तोवर कधीच शाळेबाहेर पडली होती. तेव्हा रिकॅप्चर बंदच करा असं कोणी म्हणालं तर मी नाही मान हलवणार. पण काढून घेतलेला पैसा शाळांवरच नव्याने खर्च झालेला दिसावा, नुसता राज्याचा वाटा वाचवायला वापरू नये, ही मागणी मला रास्त वाटते. तुमच्या यादीत दोन्हीपैकी नेमकं काय लिहिलंय ते बघ.

अनफंडेड मँडेट म्हणजे वरून हुकूम येतो आणि पैसे वाटेतच राहतात. इथल्याच युवाल्डी गावच्या शाळेत मे २०२२ मध्ये गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, त्यानंतर २०२३ ला कायदा आला की प्रत्येक शाळेत एक हत्यारबंद अधिकारी हवा, आणि त्यासाठी दिले शाळेमागे १५,००० डॉलर आणि मुलामागे १०. पंधरा हजारांत वर्षभर हत्यारबंद अधिकारी कुठे मिळतो? २०२५ मध्ये ती रक्कम वाढवली, पण मुद्दा तोच. हुकूम वरून आला, बिल डिस्ट्रिक्टने भरलं.

व्हाउचरवर मी इथे पुराण लावत नाही, झालंय ते, एक अब्ज डॉलर बाजूला काढलेत, २०२६-२७ पासून चालू. आता डिस्ट्रिक्टं एवढंच म्हणतात की सरकारी पैसा घेणाऱ्या प्रायव्हेट शाळांनाही आमच्यासारखेच हिशोब आणि परीक्षा लावा. मला पटतं.

जे पटत नाही तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल ताई डिस्ट्रिक्टची वकील. तुमच्या यादीत शाळांना ए ते एफ ग्रेड देण्याच्या पद्धतीविरुद्ध एखादी ओळ असेल, बऱ्याच डिस्ट्रिक्टच्या यादीत असते. काही डिस्ट्रिक्टं त्यावर कोर्टात गेली आणि २०२३ च्या ग्रेड लोकांना दिसायला एप्रिल २०२५ उजाडलं. निकष मध्येच बदलले ही तक्रार खरी आहे, पण पालक म्हणून मला दोन वर्षं माझ्या मुलाच्या शाळेची ग्रेड बघायला न मिळणं हे काही माझ्या भल्याचं नव्हतं. ही यादी संस्थेने संस्थेसाठी लिहिलेली असते. हेड ऑफिसात माणसं किती आणि त्यांचा पगार किती अशी ओळ त्यात कधी दिसणार नाही. तेव्हा बसमध्ये बसलीस म्हणजे दोन्ही पानांवर सही केलीस असं होत नाही. तुला जी एक ओळ पटते आणि जी तुझ्या घरातून जाते तीच धर.

तुझी ओळ कुठली ते तूच पत्रात लिहिलंयस आणि तुला ते कळलंही नाही. धाकटीची स्पीच. टेक्ससमध्ये कितीतरी वर्षं शिक्षण खात्याचा एक अलिखित वाटावा असा आकडा होता, साडेआठ टक्के, स्पेशल एज्युकेशनमध्ये (म्हणजे शिकायला जादा मदत लागणाऱ्या मुलांच्या सोयीत) याहून जास्त मुलं घेतली की डिस्ट्रिक्टकडे संशयाने बघायचे. हजारो मुलांना मदत नाकारली गेली. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं, २०१७ ला कायद्याने बंद झालं आणि २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अधिकृत ठपका ठेवला. मुलं नाकारायची ही गोष्ट थांबली कारण आया बोलल्या, आपल्या मुलाची फाइल घेऊन अनोळखी माणसांसमोर बोलल्या. आणि केंद्राचंही ऐक, १९७५ च्या कायद्यात या मुलांच्या जादा खर्चासाठी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देऊ असं म्हटलेलं, तो आकडा आजवर एकदाही गाठलेला नाही. उरलेलं राज्य आणि डिस्ट्रिक्ट भरतं. तुझ्या पुढच्या आर्ड मीटिंगमध्ये, म्हणजे धाकटीला काय मदत द्यायची ते ठरवतात तिथे, समोर सहा माणसं बसलेली असतील ना, त्यांच्या पगाराचं कोडं हे असं आहे.

आता हक्काचं. आहे. नवऱ्याला भित्रा म्हणू नकोस हां, घाबरायला कारणं आहेत सध्या, पण त्याचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं नाही. सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क अमेरिकन घटनेने 'सिटिझन' असा शब्द घालून दिलेला नाही. आणि तुझा आमदार तुझा कसा, तर टेक्ससमध्ये मतदारसंघ आखताना फक्त मतदार नाही, राहणारी सगळी डोकी मोजतात, पोरं, ग्रीनकार्डवाले, आपल्यासारखे व्हिसावाले सगळे. हे चूक आहे म्हणून दोघे टेक्ससकर सुप्रीम कोर्टात गेले होते, २०१६ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की सगळी डोकी मोजणं घटनेत बसतं. म्हणजे तुमची चार डोकी धरूनच त्या माणसाची सीट बेतलीये.

आणि टायलर माहितीये ना, डॅलसच्या पूर्वेला, गुलाबांचं गाव. तिथल्या डिस्ट्रिक्टने १९७७ मध्ये कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला हजार डॉलर फी मागितली. काही मेक्सिकन कुटुंबं कोर्टात गेली. न्यायाधीशांनी सुनावणी भल्या पहाटे ठेवली, कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून, आणि ती माणसं आली तेव्हा गाड्यांमध्ये घरचं सामान भरून आली होती, इथूनच देशाबाहेर काढलं तर काय घ्या. १९८२ ला ते सुप्रीम कोर्टात जिंकले आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी शाळेला मुलाचे इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून त्याला नाकारता येत नाही. तुझ्याकडे व्हिसा आहे, पासपोर्ट आहे, एच-फोरची फाइल आहे. एवढंच म्हणायचंय.

न करायच्या गोष्टी मात्र नवऱ्याच्याच बाजूने सांगते आणि ह्या कडक पाळ. मतदार म्हणून नाव नोंदवायचं नाही, ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर माणूस घाईत विचारतो मतदार नोंदणी करायची का, तिथे सवयीने 'येस' म्हणायचं नाही, कारण ते खरंच महागात पडतं, व्हिसा आणि पुढची सिटिझनशिप दोन्ही. कोणा उमेदवाराच्या प्रचाराला पैसे द्यायचे नाहीत, अगदी स्कूल बोर्डाच्या ओळखीच्या काकूंनाही वीस डॉलर नाही, ग्रीनकार्ड येईपर्यंत ते चालत नाही. 'मी नोंदणीकृत मतदार आहे' असं छापलेल्या कुठल्याही कागदावर सही नाही. बाकी पीटीएमध्ये फुकट काम कर, ईमेल लिही, फोन कर, भेट, बोल. आणि तरी त्याला झोप येत नसेल तर त्याच्या कंपनीचा इमिग्रेशन वकील असतोच, त्याला एक ईमेल टाका, मी काही व्हिसाची वकील नाही.

"पाहुणे" शब्दाचं मात्र त्याला सांग. नऊ वर्षं मुक्काम करणाऱ्याला आपल्याकडे पाहुणा नाही म्हणत, बिऱ्हाड म्हणतात, आणि बिऱ्हाडकरू नळाला पाणी नाही आलं तर मालकाला सांगतोच की.

शाळा बंद होण्याचं वेगळं काढ, दोन्ही एकात कालवू नकोस. शाळा बंद करायची की नाही ते ऑस्टिन ठरवत नाही, तुमचं बोर्ड ठरवतं. तुमच्या भागात हे सगळीकडे चाललंय, प्लॅनोने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं, रिचर्डसननेही त्याच वर्षी चार, फ्रिस्कोने एक मिडल स्कूल. पैसा हे एक कारण, पण दुसरं कारण असं की त्या गल्ल्यांत आता लहान मुलंच नाहीत, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांची मुलं मोठी होऊन गेली, आईबाप तिथेच आहेत, आणि नवीन जोडप्यांना ते घर परवडत नाही. बेसिक अलॉटमेंट उद्या हजाराने वाढली तरी अर्धी रिकामी शाळा भरत नाही. तेव्हा बोर्डाच्या मीटिंगला जाऊन 'शाळा वाचवा' म्हणण्यापेक्षा नेमकं विचार: धाकटी कुठल्या शाळेत जाणार, बस मिळणार का, तिची स्पीचची बाई तिच्याबरोबर येणार का नवीन. तिच्या आयईपीत, म्हणजे मदतीच्या लेखी आराखड्यात, आठवड्याची जी मिनिटं लिहिलीयेत ती शाळा बदलली म्हणून आपोआप कमी होत नाहीत, हे त्यांनाही माहितीये आणि तुलाही माहितीये हे त्यांना कळू दे.

आणि बोर्डासमोर बोललीस की सातही चेहरे दगडासारखे बसतील, कोणी हूं की चूं नाही. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा गाडीत येऊन रडले होते, वाटलं आपला अ‍ॅक्सेंट ऐकून तोंडं पाडून बसले. मग कोणीतरी सांगितलं की इथल्या ओपन मीटिंग कायद्याने अजेंड्यावर नसलेल्या विषयावर त्यांना चर्चा करताच येत नाही. गप्प बसणं त्यांना भागच असतं. तुला हे आधी सांगून ठेवते.

ऑस्टिनची बस चांगली, जा, पण खरं काम त्याआधी घराजवळच होतं. आमदाराचं गावातही ऑफिस असतं, सेशन सुरू व्हायच्या आधी तिथे वेळ मिळते. भेटेल पंचविशीतली एखादी मुलगी किंवा मुलगा, आमदार नाही, आणि तू म्हणशील हे काय पोरासमोर बोलायचं, तर तेच पोरगं संध्याकाळी आमदाराला चार ओळींत सांगतं की आज कोण आलं होतं. एक कागद ने. एकच, दोन्ही बाजूंनी नाही. सगळ्यात वर तुझं नाव आणि पिनकोड, कारण ते आधी हेच बघतात की हिचं घर आपल्या मतदारसंघात आहे का. मग धाकटीचं चार ओळींत, मग काय हवंय ते एका ओळीत.

बोलायचं कसं तर असं काहीसं, मराठीत लिहितेय, तू तुझ्या इंग्लिशमध्ये कर: "माझी मुलगी बालवाडीत स्वतःचं नाव सांगू शकत नव्हती. शाळेतल्या थेरपिस्टने तीन वर्षं तिच्यावर मेहनत घेतली, आता ती वर्गात हात वर करते. त्या बाई आता दोन शाळा सांभाळतात आणि पुढच्या वर्षी तीन सांभाळतील असं ऐकलं. स्पेशल एज्युकेशनवर डिस्ट्रिक्ट जेवढं खर्च करतं तेवढे पैसे राज्य देत नाही. या सेशनमध्ये ती तूट भरून काढणाऱ्या बिलाला तुम्ही मत द्याल का?" मग गप्प बस. प्रश्न विचारून गप्प बसायचं, उत्तर त्यांच्याकडून येऊ दे, आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपणच पुढे बोलत सुटतो, तिथे घोळ होतो. (माझी वाक्यं तशीच उचलू नकोस हां, तुझ्या मुलीचं खरं असेल तेच सांग, बाई किती शाळा सांभाळतात ते आधी शाळेत विचारून घे.)

इंग्लिशचं म्हणशील तर तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द मावतात, तू तीनशेच लिही आणि हळू वाच. मोठ्याला घड्याळ धरून बसव, सातवीतली पोरं आईच्या चुका काढायला एका पायावर तयार असतात.

कॅपिटॉलला, म्हणजे ऑस्टिनच्या विधानभवनात, कमिटीसमोर साक्ष द्यायचं ठरलंच तर तिथे नाव नोंदवावं लागतं, आणि नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक. मी २०२३ ला गेले होते, सकाळी अकराला नाव दिलं आणि रात्री पावणेअकराला हाक आली, समोर कमिटीतले तिघेच उरलेले, त्यातला एक काहीतरी खात होता. माझ्या मुलाच्या स्पीचवर दोन मिनिटं बोलले. हरलो आम्ही त्या वर्षी, वर लिहिलंच आहे. पण परत येताना बसमध्ये मागच्या सीटवरच्या आजोबांनी, गावाकडचे गोरे शेतकरी, टोपी वगैरे, त्यांनी मला विचारलं की तुझ्या मुलाला त्या स्पीचवाल्या बाई आठवड्यातून किती वेळा बघतात, कारण त्यांच्या नातवाच्या शाळेत बाई महिन्यातून दोनदा येते, पन्नास मैलांवरून. तेव्हा मला कळलं की ज्या ओळीला मी सबर्बची ओळ समजत होते ती त्यांचीही होती, आणि त्यांचा आमदार माझ्या आमदारापेक्षा कमिटीत वरचा होता. नंतर त्यांनीच त्याच्या ऑफिसात फोन केला, मी नाही. जाता येत नसेल तर हाऊसच्या बिलांवर घरबसल्याही ऑनलाइन मत मांडता येतं, टेक्ससमध्ये राहत असलं की झालं, सिटिझन असायची अट नाही.

सासूबाईंना बसमध्ये ने. खरंच सांगतेय. सहा महिने त्या घरात बसून काय करणार, आणि कॅपिटॉलची इमारत बघण्यासारखी आहे, गुलाबी ग्रॅनाइटची, आत गेलं की मान वर करून घुमट बघत राहतात सगळे. खालच्या मजल्यांवर जमिनीखाली अख्खं एक्स्टेन्शन आहे, कमिट्यांच्या खोल्या तिथेच आणि खाणावळही, पण तिथलं सँडविच त्यांना जायचं नाही, तेव्हा थालीपीठ आणि दही घे, चार्जर घे, पायात सपाट बूट घाल. वेगळी गाडी नेलीत तर व्हिजिटर गॅरेजमध्ये पहिले दोन तास फुकट असतात. ते तेवढं खरंच फुकट आहे, त्यांना सांग.

– ताई